साबण्याला बाहेर कोणी बसवलं

पहाटे साडेचारला साबण्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर वाजायच्या आत तो उठून घड्याळ गप्प करायचा, कारण पलीकडे मुलं झोपलेली असायची. पाळी सहाची. कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर. सव्वापाचला उठला असता तरी चाललं असतं. आधीचा वेळ धुण्याचा होता. आदल्या दिवशी कामावर घातलेले कपडे मागच्या अंगणात एका वेगळ्या बादलीत भिजत पडलेले असायचे. त्या बादलीत घरचा रुमालसुद्धा कधी पडला नाही. तो स्वतः कपडे घासायचा, स्वतः पिळायचा, वेगळ्या दोरीवर वाळत टाकायचा आणि मग निघायचा. बायकोला त्या बादलीला हात लावू द्यायचा नाही. तिने एकदा लावला तेव्हा दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता.

आमचा कारखाना बॅटऱ्यांचा. तो आणि मी प्लेटांच्या खात्यात. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, निघालेल्या जाळीत शिशाच्या भुकटीचा लगदा दाबून भरायचा, प्लेट वाळली की कडा घासायच्या. घासताना उडणारी धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण जिभेला कळते. गोडसर लागते. पलीकडच्या खात्यात बॅटऱ्यांत ॲसिड भरून त्या चार्जिंगला लावत. त्याची वाफ आमच्याकडे यायची. त्या वाफेने समोरचे दात झिजतात आणि डोळ्यांतून पाणी गळतं. आधी फक्त कामावर गळतं, मग कुठेही गळतं. साबण्याच्या डोळ्यांतून जेवताना, हसताना, क्रिकेट बघताना, कधीही पाणी यायचं. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे लोकांनी या पाण्याला रडणं ठरवलं.

साबण्या हे नाव आम्हीच पाडलं. पाळी सुटली की आम्ही नळाखाली हात धरायचो आणि पळायचो. हा साबणाची वडी घेऊन उभा. नखं, कानामागे, मान, केसांची मुळं. रांग खोळंबायची.

"अरे, लग्नाला चाललायस का?" कोणीतरी ओरडायचं.

"नाही. घरी," तो म्हणायचा आणि दुसरा कान घासायला घ्यायचा.

त्याला कारण होतं. आमच्या खात्यात कानस चालवणारा, म्हणजे प्लेटांच्या कडा घासणारा, एक जण होता. त्याची मुलगी रांगत यायची आणि कामावरून आलेल्या बापाच्या पायाला बिलगायची. बाप तसाच उचलून घ्यायचा. कोणता बाप नाही घेणार? मुलगी पांढरी पडत गेली, पोट धरून रडायची, आणि शाळेच्या वयाला आली तेव्हा तिला शिकवलेलं टिकेना. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, बाप काय काम करतो? साबण्या त्या मुलीला बघायला गेला होता. त्याची स्वतःची मुलगी तेव्हा रांगायला लागली होती.

त्या दिवसापासून त्याने घराला नियम घातला. नियम घराला, पाळायचा एकट्याने. मागच्या दाराने यायचं, अंगणातच आंघोळ करायची, मागच्या पायरीवर बसून जेवायचं. आत जायचं ते झोपायला, तेही दाराजवळच्या खाटेवर. जमिनीवर बसायचं नाही, कारण जमीन मुलांची. बायको आपलं ताट घेऊन उंबऱ्यावर बसायची, म्हणजे ती आत आणि तो बाहेर, आणि बोलणं मधे. मुलांना सांगितलेलं एवढंच, की बाबांना बाहेर मोकळं वाटतं.

"खरं का नाही सांगत?" मी एकदा विचारलं.

"बाप विष घेऊन घरी येतो हे पोरांना कशाला सांगू? उद्या जवळ यायची नाहीत."

"आत्ता तरी कुठे येऊ देतोस?"

"ते मी ठरवतो. त्यांनी ठरवू नये."

बोलणं संपलं. तो असाच होता. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला टेकून ती हलवण्यासारखं.

निवृत्तीच्या वेळी कारखान्याच्या डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. त्याला म्हणाले, शिसं हाडांत मुरलंय, ते आता तिथेच राहणार. साबण्याने याचा अर्थ असा लावला की ते जन्मभर घामातून झिरपत राहणार आणि जवळच्या माणसाला लागणार. असं असतं का, हे त्याने विचारलं नाही. आमच्यातला कोणीही डॉक्टरला दुसरा प्रश्न विचारत नाही. पहिल्यालाच बाहेरचा पुढचा पेशंट दारातून डोकावतो. तर कारखाना सुटला आणि बादली सुटली, पण पायरी सुटली नाही.

बायको गेली. मुलगी थोरली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात, ऑफिसात नोकरीला. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. सून एका पाळणाघरात लहान मुलं सांभाळायची. तिच्या हातात रडणारं मूल दिलं की ते गप्प व्हायचं, हे मी स्वतः पाहिलंय. घरात पुन्हा एक मूल आलं, नात. ती रांगायला लागली आणि म्हाताऱ्याची जुनी भीती नव्याने उभी राहिली.

"बाबा, आत या जेवायला," सून म्हणायची.

"इथेच बरं आहे."

"मी काय तुम्हाला खाते का?"

"तू नाही खात. मी खातो. ते इथे बसून खातो."

"लोक काय म्हणतील मला?"

"लोकांना माझं ताट दिसतं का? भरलेलं असतं."

त्याने तिला शिशाचं सांगितलं होतं. पोरांना जन्मभर जे सांगितलं नाही ते सुनेला सांगितलं, कारण तिचं मूल धोक्यात होतं असं त्याला वाटायचं. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारू या. तो म्हणाला, विचारलंय. खोटं बोलला. मग तिने हट्ट सोडला आणि कामाला लागली. पायरीवर जाड गादी टाकली. वारा लागू नये म्हणून वरून आणि बाजूने ताडपत्री बांधून घेतली. नवऱ्याला सांगून तिथे दिवा लावून घेतला. स्वतःचं ताट घेऊन ती उंबऱ्यावर बसायची, सासू बसायची तिथेच. आणि साबण्याने तिला एक काम नेमून दिलं होतं: पोर माझ्याकडे रांगत आली की ताबडतोब उचलायची आणि दार ओढून घ्यायचं. तिला ते आवडायचं नाही. तरी करायची.

या सगळ्यातली एकेक गोष्ट तिच्या अंगावर उलटली. गादी, ताडपत्री, दिवा, दार.

ब्लँकेटवाला आला तो एका सुट्टीच्या दुपारी. मागच्या गल्लीतून. तिशीचा असेल. दाढी कोरलेली, बूट नवे, सोबत दोघं, एकाच्या हातात काठीला लावलेला मोबाईल. निराधार म्हाताऱ्यांना ब्लँकेट वाटायचे आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे, हा त्याचा उद्योग. त्याला काम म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी साबण्याशेजारी पायरीवर बसलो होतो.

"काका, तुम्ही जरा उठता का? फ्रेममध्ये गर्दी होते," तो मला म्हणाला.

"दोन माणसांची गर्दी?"

"एकटे दिसायला हवेत ना ते."

मी उठून नळाशी गेलो. तिथून सगळं ऐकू येत होतं. जे बोलणं झालं ते असं:

"काका, तुम्ही इथे बाहेरच जेवता?"

"हो."

"रोज?"

"रोज. जुनी सवय आहे. बायको होती तेव्हापासून."

"आत का नाही बसत?"

"आत मी चालत नाही."

"कोणाला चालत नाही?"

"मलाच. माझं काम शिशाचं होतं, आत लहान मूल आहे. सून बोलावते. भांडते माझ्याशी."

"सून भांडते?"

"रोज भांडते. आत या म्हणून."

तेवढ्यात नात आवाजाच्या दिशेने रांगत उंबऱ्यापर्यंत आली. साबण्याने दोन्ही हात वर केले. "घे तिला, घे तिला!" सून धावत आली, पोरीला उचललं, आणि ठरल्याप्रमाणे दार ओढून घेतलं. घाईत पदर सुटलेला, कपाळाला आठी. मोबाईलवाला चार पावलं पुढे सरकला होता. मग ब्लँकेटवाल्याने साबण्याच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं, त्याला मिठी मारली, आणि तिघे निघून गेले. साबण्या मला म्हणाला, "चांगला पोरगा आहे. पण ब्लँकेट कशाला? मला कुठे थंडी वाजतेय?"

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. एक मिनिटाचा.

"काका, तुम्ही इथे बाहेरच जेवता? रोज?" "रोज." "आत का नाही बसत?" "आत मी चालत नाही." "सून भांडते?" "रोज भांडते." मग सून येते, आजोबांकडे झेपावणारं नातवंड हिसकावते आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर दार लावते. मग डोळ्यांतलं पाणी, अगदी जवळून, संथ करून, मागे व्हायोलिन. खाली लिहिलेलं: जन्मभर राबलेल्या बापाची जागा दाराबाहेर. शेअर करा, म्हणजे अशा सुनांना लाज वाटेल.

लोकांनी शेअर केला. ज्यांनी त्याच्या आयुष्यात त्याला एक ग्लास पाणी दिलं नव्हतं त्यांनी केला. आमच्या गल्लीनेही केला, हे मला जास्त लागलं. शेजारच्या बाई भिंतीपलीकडून त्याला तिथे जेवताना वर्षानुवर्षं बघत आलेल्या. त्यांना विचारलं तर म्हणतात, "आम्हाला ठाऊक आहे हो. पण व्हिडिओत वेगळंच दिसतंय." स्वतःच्या भिंतीवरून दिसतं ते खरं नाही, आणि फोनमध्ये दिसतं ते खरं. यांच्या डोळ्यांना काय ॲसिडची वाफ लागली होती?

सुनेचा चेहरा व्हिडिओत स्वच्छ होता. पाळणाघरात मुलं सोडायला येणाऱ्या आयांनी ओळखला. ज्या बाईला म्हातारा सांभाळता येत नाही तिच्या हातात आमचं लेकरू कसं द्यायचं, असा त्यांचा सवाल. पाळणाघराच्या मालकीणबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझा तुझ्यावर विश्वास आहे गं. पण थोडे दिवस येऊ नकोस." विश्वास आहे आणि येऊ नकोस. दोन्ही एका दमात.

मग थोरल्या मुलीचा फोन आला. तेव्हा मी तिथे होतो. साबण्याला फोन कानाला लावून ऐकू कमी येतं म्हणून तो मोठ्या आवाजावर ठेवतो. सून शेजारी उभी होती.

"बाबा, तुम्ही काही बोलू नका. मी येतेय तुम्हाला न्यायला."

"कुठे?"

"माझ्याकडे."

"का गं?"

"का म्हणजे? अख्ख्या जगाने पाहिलं!"

"जगाचं सोड. तू काय पाहिलंस लहानपणी? मी कुठे जेवायचो?"

"तेव्हा तुम्ही कामावरून दमून यायचात. आई होती. आता काय कारण आहे बाहेर बसायचं?"

इथे त्याने सांगायला हवं होतं. पण जन्मभर दाबून ठेवलेली गोष्ट फोनवर अशी तोंडातून निघत नाही. तो गप्प बसला. तिने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला.

"ती तिथे उभी आहे का, बाबा? नुसतं हो किंवा नाही म्हणा."

सून उभीच होती. तो विचारलं तेवढ्याचं उत्तर देणारा माणूस. म्हणाला, "हो."

फोन कट.

त्यानंतर मुलीने जे केलं त्याबद्दल मला अजून तिचा राग येतो, आणि तिला मी रांगताना पाहिलंय. तिने त्या व्हिडिओखाली लिहिलं: हे माझे वडील आहेत. सगळं खरं आहे. भावाला फोन केला नाही, भावजयीला केला नाही, थेट जगाला सांगितलं. तोवर जे थोडे लोक शंका काढत होते तेही गप्प झाले. पोटची मुलगीच सांगते म्हटल्यावर काय? ब्लँकेटवाल्याने तिचं वाक्य मोठ्या अक्षरांत वर लावलं.

मुलगा संध्याकाळी कामावरून आला तो चेहरा पाडून. ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला गेला तिथल्या वॉचमननेही त्याला सुनावलं होतं. हात धुतानाच तो बायकोला म्हणाला, "तू तेव्हा दार लावायला नको होतंस."

"दार लावायला कोणी सांगून ठेवलं होतं?"

"मला माहितीये. पण दिसलं कसं ते बघ ना."

तिने हातातली कढई ओट्यावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. "तू या घरात राहतोस. रोज आम्हाला दोघांना जेवताना बघतोस. आणि तू मला विचारतोयस दिसलं कसं? घरात उभा राहून फोनमध्ये घर बघतोयस?"

"मी तसं नाही म्हटलं."

"म्हटलंस. ऐक आता. ताई येतील आणि बाबांना घेऊन जातील. ज्या दिवशी ते इथून गेले त्या दिवशी मी दोषी ठरले, कायमची. मी दोषी म्हणून या गल्लीत राहणार नाही. पोरीला घेऊन आईकडे जाईन. मग तू बस पायरीवर, तुझा व्हिडिओ काढतील."

एवढं सगळं त्या एका मिनिटावर लटकलं होतं: म्हातारा गेला तर सून गेली, सून गेली तर घर गेलं. साबण्याने पायरीवरून ते शब्दन् शब्द ऐकलं. सकाळी माझ्या दारात उभा. काखेत ते ब्लँकेट, धुऊन, वाळवून, घडी घालून.

"चल," म्हणाला. "त्या पोराकडे जायचंय."

ब्लँकेटवाल्याचं ऑफिस एका दुकानाच्या वर. एक खोली. भिंतीला लागून ब्लँकेटांची चवड, एक मोठा दिवा, खुर्चीत तो. आम्हाला बघून उठला, हसला. साबण्याने ब्लँकेट टेबलावर ठेवलं.

"आधी हे घे. मला लागत नाही."

"काका, राहू द्या हो."

"माझे शब्द कापलेस तू. सून आत बोलावते म्हणालो होतो. ते कुठे गेलं?"

"काका, एक मिनिटाच्या वर कोणी बघत नाही."

"मग एका मिनिटात खरं सांग."

त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, लाज वाटली. कुठली लाज? त्याला कल्पना सुचली होती.

"भाग दोन करू, काका. सून तुमची माफी मागते, तुम्ही तिला माफ करता आणि हात धरून आत जेवायला जाता. लोकांना शेवट गोड लागतो. तिचीही बदनामी धुऊन निघेल."

"माफी कशाची?"

"कशाची ते नाही सांगायचं. नुसती मागायची."

"तिने काही केलंच नाही."

"ते आपल्याला माहीत आहे ना. पण भाग एक बघितलेल्यांना काय सांगणार?"

माझा आवाज चढला. मी त्याला म्हटलं, आमच्या खात्यात प्लेट वाकडी निघाली तर ती परत भट्टीत जायची. कोणी बघितलं नसलं तरी जायची. ओतणारा मान खाली घालून पुन्हा ओतायचा. घाम पुन्हा गाळायचा. तुझ्याकडे वाकड्या प्लेटला दुसरी वाकडी प्लेट जोडतात काय? तो म्हणाला, "काका, तुमचा काळ वेगळा होता." मोबाईलवाल्याने कोपऱ्यातून हळूच मोबाईल वर उचलला. साबण्याने ते पाहिलं, माझा दंड धरला आणि मला जिन्यापर्यंत ओढत नेलं. "आता तुझा भाग तीन होईल, मूर्खा," म्हणाला.

मुलगी आली दुपारी. मागच्या अंगणात येऊन उभी राहिली, बॅग हातात. सुनेचीही बॅग भरलेली, आत दाराशी ठेवलेली दिसत होती. मुलगा दोघींच्या मधे, कामाचे कपडे अंगावर.

"चला, बाबा," मुलगी म्हणाली. "कपडे नंतर मागवू."

"बस," साबण्या म्हणाला.

"मला इथे बसायचं नाही."

"बस म्हणतो ना."

तिने बॅग ठेवली. मग तो बोलला. आयुष्यात सलग इतकं कधी बोलला नसेल. कानस चालवणाऱ्याची मुलगी, तिचं पोट, तिचं शिकवलेलं न टिकणं. बादली, दोरी, साबण. हाडांत मुरलेलं शिसं. नातीला हात न लावणं. "तू दोन वर्षांची होतीस. कामावरून आलो की पायाला बिलगायला धावायचीस. मी ओरडून तुला लांब ठेवायचो. तुला वाटायचं बाप तापट आहे. वाटू दिलं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. "मला का नाही सांगितलंत?"

"ती माझी चूक. पण तू हिला विचारायचं होतंस. नंबर आहे ना हिचा तुझ्याकडे?"

मुलगी सुनेकडे वळली. काही बोलणार, तेवढ्यात सूनच बोलली.

"ताई, तुम्ही मला फोन करून शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. मी उलट बोलले असते, भांडलो असतो, मिटलं असतं. तुम्ही मला सोडून सगळ्यांना सांगितलंत. आता मी कोणाकोणाशी भांडू?"

"मी लिहिते ना. आत्ता लिहिते, माझी चूक झाली म्हणून."

"लिहा," सून म्हणाली. तिने हुंदका दिला नाही की मिठी मारली नाही. बॅग मात्र आत नेऊन रिकामी केली. म्हातारा जाणार नव्हता, म्हणून तीही गेली नाही. तेवढं एक वाचलं.

मुलीने तिथेच बसून लिहिलं. लांबलचक, सगळं खरं, शिशासकट. खाली उत्तरं आली. सुनेने दबाव आणला. मुलीलाही गप्प केलं. शिसंबिसं काही नसतं, नवीन बहाणा. बहुतेकांनी तर वाचलंच नाही. आधीचं ‘सगळं खरं आहे’ तीन शब्दांचं होतं, ते सगळीकडे पोचलं. हे पानभर होतं, ते तिथेच पडून राहिलं. मुलगी दुसऱ्या दिवशी परत गेली. जाताना भावजयीला म्हणाली, "मला माफ कर." सून म्हणाली, "गाडी चुकेल, ताई." त्यानंतर दोघी बोलतात, पण कामापुरतं.

पुढच्या आठवड्यात सून साबण्याला घेऊन डॉक्टरकडे गेली, आणि आमच्यातल्या कोणीही न विचारलेला दुसरा प्रश्न तिने विचारला. हाडातलं शिसं दुसऱ्याला लागतं का? डॉक्टर म्हणाल्या, "नाही हो. धोका कपड्यांवरच्या, अंगावरच्या धुळीचा होता. काम सुटलं, धूळ सुटली. नातीला खुशाल घ्या." साबण्या खुर्चीतून उठलाच नाही. "इतकी वर्षं," एवढंच म्हणाला. नोकरीतली वर्षं त्याने बरोबर काढली होती, ती धरू नयेत. नंतरची त्याने उगाच काढली. त्या दिवशी त्याने नातीला मांडीवर घेतलं. गरम प्लेट धरावी तसं धरलं होतं. नात हसायला लागली, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी, ते नेहमीचं की वेगळं, मला सांगता येणार नाही. आत बसून जेवला. ते बघायला कोणी ब्लँकेटवाला आला नाही.

मला इथे थांबायला आवडलं असतं. पण पाळणाघराने सुनेला परत घेतलं नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी गेली, तिथे तिला बघताच बायका एकमेकींकडे बघायच्या. शेवटी लांबच्या एका शहरात, कारखान्याच्या पाळणाघरात तिला काम मिळालं. तिथल्या बाईने तिला ओळखलं नाही. लिफ्ट सगळीकडे बिघडतात, मुलाचं भागणार होतं. सगळे जाणार, म्हाताऱ्याला घेऊन जाणार, असं ठरलं.

"मी येत नाही," साबण्या म्हणाला.

"का? आता तर शिशाची भीती नाही!" सून म्हणाली.

"तू एकटी दिसलीस तर कोणी ओळखत नाही. मी एकटा दिसलो तर कोणी ओळखत नाही. दोघं एका दारात उभे राहिलो की तो व्हिडिओ होतो."

"लोक विसरतील, बाबा."

"विसरतील तेव्हा येईन."

ती चिडली, रडली, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मुलाने समजावून पाहिलं. मीही पाहिलं. पण त्याच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं मला माहीत नाही. आता तो घरात एकटा राहतो. आतच जेवतो, खुर्चीवर बसून. म्हणजे त्या पोराने जे दाखवलं ते पूर्ण खोटं होतं, आणि त्यानेच ते निम्मं खरं करून टाकलं. ब्लँकेटवाला मजेत आहे. परवा त्याचा सत्कार झाला.

कारखान्यातून सुटताना मिळालेली रक्कम साबण्याने म्हातारपणासाठी बाजूला ठेवली होती, तिला कधी हात लावला नव्हता. ती सगळी काढली. त्या शहरातल्या दोन खोल्यांची अनामत भरली, आगाऊ भाडं भरलं, सामान नेणाऱ्या ट्रकचे पैसे दिले. भट्टीसमोर उभं राहून, दात झिजवून, स्वतःच्या पोरांपासून लांब बसून मिळवलेली मजुरी शेवटी यात गेली: आपल्या सुनेला, जिथे तिला कोणी ओळखत नाही, अशा गावी पोचवण्यात.